कादंबरीतलं घर कसं वाचायचं? ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि ‘कोसला’च्या निमित्ताने

प्रश्न थोडक्यात असा आहे: एम.ए.च्या निबंधासाठी हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ आणि भालचंद्र नेमाड्यांची ‘कोसला’ यांतल्या पात्रांची, कुटुंबाची आणि आशयाची तुलना करायची आहे. कथानक पाठ आहे, टिपणं काढून झाली आहेत. तरी लिहायला बसलं की ‘यमू सोशिक आहे, पांडुरंग बंडखोर आहे’ याच्या पुढे गाडी जात नाही. (यमू ही आपट्यांच्या कादंबरीची नायिका, पुढे विधवा होणारी; पांडुरंग हा ‘कोसला’चा नायक.)

गाडी अडते ती विशेषणांपाशी. सोशिक, प्रेमळ, कर्मठ, बंडखोर ही सगळी निकालाची भाषा झाली. निकाल आधी लिहून टाकला की पुरावा शोधायची गरजच वाटत नाही. म्हणून पहिल्या टिपणवहीत विशेषण अजिबात लिहायचं नाही, असं ठरवून टाका. पात्राच्या नावाखाली फक्त क्रियापदं येऊ द्या. त्याने काय ठरवलं, काय नाकारलं, कुठे बोलायला हवं होतं तिथे गप्प बसलं, कुणाच्या पैशाने काय केलं, एवढंच. यमूच्या नवऱ्याचं, रघुनाथरावांचं उदाहरण घ्या. ‘प्रेमळ, सुधारक पती’ असं लिहिलं तर विषय संपला. ‘बायकोला वाचायला शिकवतो, तिला घेऊन मुंबईला बिऱ्हाड करतो’ असं लिहिलं की लगेच पुढचा प्रश्न उभा राहतो. हे सगळं त्याला पुण्याच्या घरात राहून का करता आलं नाही? सुधारणा घरात झाली की घर सोडून झाली? निबंधाला लागणारा कच्चा माल अशा प्रश्नांतून मिळतो.

वाचनं तीन करा. पहिलं हातात पेन्सिल न घेता. दुसऱ्या वाचनात बहुतेक जण पात्रवार टिपणं काढतात. कुटुंब हा विषय असेल तर टिपणं घरवार काढावीत. एका घराला एक कोरा कागद द्या. आपट्यांच्या कादंबरीत असे चार कागद होतात: यमूचं माहेर, सासर, मुंबईचं बिऱ्हाड, आणि नवरा गेल्यानंतरचं तेच सासर. तेच घर असूनही चौथा कागद वेगळा करायचा, कारण तिथली यमूची जागा बदलली आहे. प्रत्येक कागदावर पाच गोष्टी टिपा. घरात पैसा कुणाच्या हातात आहे? शेवटचा शब्द कुणाचा? कोण कुणासमोर बोलू शकतं? घराबाहेर पडायला कुणाला परवानगी लागते? आणि चुकलं तर शिक्षा कोण करतं? पात्रं एकमेकांना अरे-तुरे करतात की अहो-जाहो, आणि कुठल्या प्रसंगात ते बदलतं, याची खूण समासात करत चला. मराठी कादंबरीत नात्यातला ताण पुष्कळदा तिथेच आधी दिसतो.

चारही कागद भरले की शेजारी दोन रकाने आखा: माया आणि अधिकार. आता प्रत्येक माणूस कुठे बसतो ते पाहा. यमूचे वडील अधिकाराच्या रकान्यात जातात. घर त्यांच्या रागाला भिऊन असतं. आई मायेच्या रकान्यात. दादा, म्हणजे भाऊ, शिकलेला आणि जीव लावणारा, पण बहिणीच्या सासरी त्याला काडीचा अधिकार नाही, तोही मायेत. सासरचे वडीलधारे शंकरमामंजी अधिकारात. दोन्ही रकान्यांत एकदम बसणारा ठळक माणूस म्हणजे रघुनाथराव, आणि तोच मरतो. कादंबरीची सगळी रचना या एका मृत्यूभोवती का उभी आहे, हे इथे कळतं. यमूवर जीव टाकणारी माणसं त्यानंतरही जिवंत आहेत, पण त्यांतल्या कुणाच्या हातात घराचा कारभार नाही.

आता आशयसूत्राकडे. ‘विधवांचे दुःख’, ‘स्त्रीची दुरवस्था’, ‘सुधारणावाद’ ही विषयांची नावं आहेत, आशयसूत्रं नव्हेत. आशयसूत्र पूर्ण वाक्यात मांडता आलं पाहिजे, आणि ते वाक्य असं हवं की समोरचा ‘मला नाही पटत’ म्हणू शकेल. ‘समाजाने विधवांवर अन्याय केला’ याला कोण नाही म्हणणार? त्याऐवजी असं मांडून पाहा: भल्या नवऱ्यामुळे मिळालेलं स्वातंत्र्य ही त्या घरातली सवलत असते, हक्क नसतो, नवरा गेला की सवलत संपते.

हे वाक्य लिहिलं की लगेच त्याच्या विरुद्ध जाणारा प्रसंग शोधायचा. अनुकूल प्रसंग तीन मिळतातच. ते मिळाले म्हणून काही सिद्ध होत नाही. इथे आडवी येते दुर्गी, यमूची मैत्रीण. तिचा नवरा जिवंत आहे आणि तिचे हालच हाल आहेत. म्हणजे आपलं वाक्य अपुरं पडलं. नवरा भला असेल तर सवलत, वाईट असेल तर तीही नाही, आणि नवराच नसेल तर आधी मिळालेलं सगळं परत घेतलं जाणार, असं ते वाढवावं लागतं. वाक्य असं वाढलं की दुर्गीची कहाणी ‘उपकथानक’ म्हणून एका ओळीत उरकता येत नाही, कारण यमूच्या गोष्टीत जी शक्यता आलीच नाही ती दुर्गी जगून दाखवते. आडव्या प्रसंगाने आशयसूत्र मोडलं तर मोडू द्या, नवं लिहा. तीन-चार खाडाखोडी झाल्याशिवाय चांगलं वाक्य सहसा हाती लागत नाही.

तिसरं वाचन फक्त निवडक प्रसंगांचं. पुस्तकातले तीन किंवा चार, जास्त नकोत. आपट्यांच्या कादंबरीत केशवपनाचा प्रसंग टाळता येणार नाही, पण तो ‘हृदयद्रावक’ म्हणून सोडून देऊ नका. घरात त्या वेळी कोण होतं आणि कोण नव्हतं, हे आधी लिहा. मग हुकूम कुणाचा, तो कुणाच्या नावाने दिला (स्वतःच्या, घराण्याच्या की धर्माच्या), अडवू शकलं असतं असं कोण होतं आणि ते का थांबलं, हे क्रमाने लिहा. इथे आपट्यांच्या एका मर्यादेवरही बोट ठेवता येतं. शंकरमामंजी हे पात्र इतकं दांभिक आणि काळंकुट्ट रंगवलं आहे की वाचकाचा सगळा राग त्या एका माणसावर निघतो आणि रूढी अलगद सुटते. हा दोष आहे असं माझं मत. प्रसंग आणखी भयंकर ठरला असता तो एखाद्या सज्जन, देवभीरू सासऱ्याने कर्तव्य म्हणून केला असता तर. परीक्षकाला हे पटेलच असं नाही, पण मतामागे मजकुरातलं कारण असलं की गुण मिळतात.

संदर्भ किती द्यायचा? आपट्यांच्या बाबतीत तीन गोष्टी पुरतात, पण त्या प्रस्तावनेत कोंबून न ठेवता जिथे कामाला येतील तिथे वापराव्यात. पहिली, ही कादंबरी ‘करमणूक’ या साप्ताहिकातून १८९० पासून हप्त्याहप्त्याने आली. त्यामुळे मागचं पुन्हा सांगणं, प्रकरणाच्या शेवटी उत्कंठा ठेवणं, वाचकाशी थेट बोलणं हे सगळं त्या प्रसिद्धीच्या रीतीतून येतं. सरसकट ‘पाल्हाळ’ म्हणून मोकळं होणं बरोबर नाही. दुसरी, १८९१ साली संमतिवयाचा कायदा होऊन मुलीशी शरीरसंबंधाची किमान वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली, आणि त्यावरून महाराष्ट्रात रणं माजली होती. घरातल्या मुलीचं वय, लग्न, शरीर हे चव्हाट्यावर चर्चिलं जात असताना हा मजकूर दर आठवड्याला घरोघर जात होता. तिसरी, विधवाविवाहाला कायद्याने १८५६ सालीच मान्यता मिळाली होती. कायदा होऊन तीन दशकं उलटली तरी यमूपर्यंत तो पोचत नाही. कायदा आणि घर यांच्यातलं हे अंतर दाखवायला १८५६ हे एक साल पानभर इतिहासापेक्षा जास्त काम करतं.

निवेदनाचा मुद्दा राहिला, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा आहे. यमू स्वतः आपली हकिगत लिहिते. म्हणजे पुस्तकात दोन यमू आहेत: जिच्यावर गोष्टी गुदरतात ती, आणि सगळं गुदरून गेल्यावर लिहिणारी. खेळणाऱ्या पोरीला पुढचं माहीत नाही. लिहिणारीला माहीत आहे. माहेरच्या सुखाच्या वर्णनात जी कळ लागते ती या दुसऱ्या यमूमुळे. शिवाय तिला लिहिता येतं ते नवऱ्याने शिकवलं म्हणून. त्याने दिलेल्या सगळ्या सवलतींपैकी एकच कुणाला हिरावता आली नाही, आणि आपण वाचतो ती कादंबरी त्याच एका गोष्टीतून निघाली आहे. निवेदनपद्धती आणि आशय यांची अशी सांगड घालता आली की ‘आत्मकथनात्मक शैली’ हे कोरडं लेबल लावायची गरज उरत नाही.

‘कोसला’ १९६३ ची. इथेही निवेदक ‘मी’च आहे, पांडुरंग सांगवीकर, वय पंचवीस, खानदेशातल्या सांगवीचा, पुण्याला शिकायला जातो आणि शेवटी गावी परततो. नेमाड्यांचा जन्मही सांगवीचाच, म्हणून पांडुरंग म्हणजे नेमाडेच असं धरून निबंध लिहिणारे दर वर्षी असतात. तो मोह टाळा. लेखकाचं चरित्र आणि निवेदकाचं बोलणं एक मानलं की निवेदक कुठे स्वतःला फसवतो आहे हे दिसणंच बंद होतं, आणि ‘कोसला’त ते दिसलं नाही तर फार थोडं हाती लागतं.

घरांचे कागद इथेही करा: सांगवीचं घर, पुण्यातलं होस्टेल, आणि परतल्यानंतरचं सांगवी. होस्टेल म्हणजे घर नव्हे, असं म्हणू नका. पाच प्रश्न तिथेही चालतात. पैसा कुणाचा, हा प्रश्न तर तिथेच खरा चालतो. पांडुरंग पुण्यात मित्रांत रमतो, सेक्रेटरी होऊन उठाठेवी करतो, पैसा उडवतो. हा पैसा वडिलांच्या शेतीचा आहे. त्याच्या बंडखोरीचा खर्च वडील भागवतात, असं एक वाक्य लिहिलं तर ‘पिढ्यांमधील संघर्ष’ या गुळगुळीत मथळ्यापेक्षा पुष्कळ पुढे जाता येतं. वडिलांशी त्याचं भांडण खरं आहे, पण परतायला घर शिल्लक आहे हेही त्याला मनातून ठाऊक आहे. तो शेतीचा वारस आहे. यमूला अशी परतीची वाट नव्हती. माहेरी तिचा हक्क नाही आणि सासर तिला शिक्षा करणार. दोघांनाही कुटुंब कोंडतं, मात्र एकाला नापास होऊनही घरी यायची सोय आहे. तुलनेचा कणा हाच ठेवा.

मग मनी. पांडुरंगची धाकटी बहीण देवीच्या रोगाने मरते. निबंधांत तिला दोन ओळी मिळतात, आणि ते साफ चुकतं. पुस्तकभर पांडुरंग ‘उदाहरणार्थ’, ‘वगैरे’ असे शब्द पेरत, सगळ्याची टर उडवत, काहीच फारसं मनाला लावून न घेतल्यासारखा बोलतो. मनीच्या मृत्यूपाशी हा सूर त्याला पुरत नाही. तो भाग आणि त्याच्या आधीची पाच पानं शेजारी ठेवून मोठ्याने वाचा, वाक्यांची चाल बदललेली कानाला लागेल. निबंधात दाखवायचं ते हेच: थट्टा कुठे थांबली. तेवढं दाखवलं की पुण्यातल्या सगळ्या हास्यविनोदाकडे वाचक वेगळ्या नजरेने पाहतो. देवीचा रोग १९७७ साली भारतातून गेल्याचं जाहीर झालं. कादंबरी आली तेव्हा ती साथ वाचकांच्या ओळखीची होती. आजच्या वाचकाला हा अपघाती, दुर्मीळ मृत्यू वाटू शकतो, म्हणून एवढा एक संदर्भ द्यावा.

माया आणि अधिकाराचे रकाने इथे भरले की एक गंमत दिसते. वडिलांकडे अधिकार, आणि माया असलीच तरी ती पैशाच्या रूपाने येते. पांडुरंगला ती त्या रूपात ओळखू येत नाही. मनी मायेच्या रकान्यात, घरातली सगळ्यांत लहान, सगळ्यांत निरुपद्रवी. आणि तिची गोष्ट ती स्वतः सांगू शकत नाही, भाऊ सांगतो. आपट्यांच्या कादंबरीत बहीण लिहिते आणि भाऊ तिच्या लिहिण्यातलं पात्र होतो. सत्तर वर्षांनंतरच्या या कादंबरीत भाऊ बोलतो, बहीण त्याच्या दुःखाचं कारण होऊन राहते. हा मुद्दा ताणून ‘आधुनिक कादंबरीने स्त्रीला गप्प केलं’ असं विधान करू नका, दोन पुस्तकांवरून तेवढं सिद्ध होत नाही. पण निरीक्षण म्हणून मांडायला हरकत नाही.

कुटुंबाचा तक्ता काढताना रक्ताच्या नात्यांवर थांबायचं नाही, हे इतर कादंबऱ्यांसाठीही लक्षात ठेवा. आनंद यादवांच्या ‘गोतावळा’त (१९७१) नारबा या गड्याचं कुटुंब म्हणजे मळ्यावरची जनावरं. तिथे वंशवृक्षात बैल घातले नाहीत तर ट्रॅक्टर आल्यावर नेमकं काय तुटलं ते सांगताच येणार नाही. रा. रं. बोराड्यांच्या ‘पाचोळा’त गंगाराम शिंप्याची गोष्ट त्याची बायको पारबती मराठवाडी बोलीत सांगते. त्या बोलीला ‘ग्रामीण रंग’ म्हणून बाजूला सारू नका. नवऱ्याचे निर्णय तिच्या हातात नाहीत, सांगणं तेवढं आहे.

पैशाचा प्रश्न किती दूर नेतो याचा नमुना हवा असेल तर ‘श्यामची आई’ पुन्हा उघडा. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेलं, १९३५ साली छापलेलं, बेचाळीस रात्रींत विभागलेलं हे पुस्तक सगळे मातृप्रेमाची गाथा म्हणून वाचतात. ते आहेच. पण एकदा फक्त कर्जाच्या नोंदी काढत वाचा: वाटणी, वेगळं बिऱ्हाड, सावकाराचा तगादा, त्याच्या माणसाने दारात येऊन केलेला अपमान, जप्ती. कोकणातलं एक घर पायरी पायरीने खाली येत जातं, आणि आईचे संस्कार त्या उतरणीवर घडतात. गरिबीत ताठ मान ठेवायला ती का शिकवते, याचं कारण त्या नोंदींत आहे. इथे आणखी एक खबरदारी घ्या. आचार्य अत्र्यांचा १९५३ चा चित्रपट डोक्यात इतका पक्का असतो की त्यातलं दृश्य पुस्तकातलं म्हणून लिहिलं जातं. प्रसंग लिहिण्यापूर्वी छापील मजकुरात बोट ठेवून तपासावा.

आता प्रत्यक्ष लेखन. नेहमीचा परिच्छेद असा असतो: ‘यमू ही सोशिक, प्रेमळ व बुद्धिमान स्त्री आहे. तिच्या वाट्याला आलेले दुःख वाचून मन हेलावते. हरिभाऊंनी तत्कालीन समाजाचे विदारक चित्र रेखाटले आहे. शंकरमामंजी हे दुष्ट प्रवृत्तीचे प्रतीक आहेत.’ यातलं एकही वाक्य खोटं नाही, पण नावं बदलली तर ते त्या काळच्या वाटेल त्या सामाजिक कादंबरीला चालेल. नेमकं हेच तपासायचं. जे वाक्य दुसऱ्या पुस्तकाला तसंच्या तसं लागू पडतं ते खोडा.

तोच परिच्छेद असा करता येईल: ‘मुंबईच्या बिऱ्हाडात यमू वाचते, नवऱ्याशी मोकळेपणी बोलते. हे स्वातंत्र्य रघुनाथरावांनी दिलेले आहे, घराण्याने ते मान्य केलेले नाही. त्यामुळे त्यांच्या मृत्यूनंतर ते काढून घेण्यासाठी कुणाला नवा नियम करावा लागत नाही. जुना नियम पुण्याच्या घरात तसाच असतो. शंकरमामंजी केशवपन घडवून आणतात तेव्हा त्यांच्या दांभिकपणाला रूढीचे बळ मिळालेले असते.’ शब्द थोडे वाढले. खरा फरक असा की प्रत्येक वाक्य मजकुरातल्या एका गोष्टीला बांधलेलं आहे आणि पुढचं वाक्य मागच्यातून निघतं.

आठशे शब्दांचा निबंध असेल तर वाटणी साधारण अशी ठेवा. प्रास्ताविक साठ-सत्तर शब्द, आणि त्यातच आशयसूत्राचं वाक्य. कथानक शंभराच्या वर नको. परीक्षकाने पुस्तक वाचलेलं आहे. दोन प्रसंगांचं बारीक वाचन, प्रत्येकी दोनशे शब्द. दीडशे शब्द तुलनेला, उरलेले आडव्या पुराव्याला आणि निष्कर्षाला. तुलना करताना अर्धा निबंध आपटे आणि अर्धा नेमाडे असं करू नका, ते दोन निबंध एकाखाली एक लावल्यासारखं दिसतं. एक प्रश्न घ्या, दोन्ही पुस्तकांत त्याचं उत्तर पाहा, मग दुसरा प्रश्न.

अवतरणं लहान असावीत, एका वाक्याच्या आत, आणि प्रत्येकानंतर तुमचं किमान एक वाक्य त्याच्यावर हवं. पान क्रमांक आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून आपट्यांच्या बाबतीत प्रकरणाचा क्रमांक द्या आणि आवृत्तीचं साल लिहा. हातातली प्रत संक्षिप्त तर नाही ना, हे सगळ्यांत आधी पाहून घ्या; संक्षेप करणारा कात्री लावतो ती बहुधा दुर्गीसारख्या बाजूच्या कहाण्यांना.

वेळ कमी असेल तर पहिल्या पानापासून टिपणं काढत बसू नका. ‘पण लक्षात कोण घेतो’मधला मुंबईचा भाग आणि ‘कोसला’तला मनीच्या मृत्यूचा भाग आधी घ्या, त्या दोन कागदांवर पाचही प्रश्नांची उत्तरं लिहा, आणि मग तिथून मागे-पुढे वाचत जा.